वाइल्ड कोस्टवर मोटरसायकल: वाळूतून जाण्यास कायद्याने मुभा आहे का?

प्रश्न (खडीवाट)

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील वाइल्ड कोस्ट, म्हणजे ग्रेट केई नदीच्या मुखापासून मटामव्हुना नदीपर्यंतचा सुमारे २५० किलोमीटरचा किनारा, भाड्याच्या अॅडव्हेंचर मोटरसायकलींवरून पाहण्याचा आम्हा तिघांचा विचार आहे. एन-२ महामार्ग बराच आतून जातो आणि समुद्रालगत सलग रस्ता नकाशावर दिसत नाही. जुन्या प्रवासवर्णनांत मात्र ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी गेल्याचे उल्लेख आढळतात. समुद्रकिनारा ही तेथे सार्वजनिक मालमत्ता मानली जाते आणि तेथे जाण्याचा हक्क सर्वांना आहे, असेही वाचनात आले. मग भरतीरेषेच्या खालून गाडी नेण्यास हरकत का असावी? टेकड्यांवरून गावोगाव जाणाऱ्या वाटांचे आणि राखीव क्षेत्रांचे नियम काय आहेत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (सुकाणू)

वाळूबाबतचे उत्तर नकारार्थीच आहे. किनारी भागात वाहने चालवण्यावर निर्बंध घालणारे नियम तेथील सरकारने डिसेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते जानेवारी २००२ पासून लागू झाले. पुढे २०१४ मध्ये त्यांची जागा २००८ च्या एकात्मिक किनारा व्यवस्थापन कायद्याखालील नव्या नियमांनी घेतली. मूळ तत्त्व तेच राहिले: परवान्यावाचून वाहन नेण्यास बंदी, आणि सार्वजनिक रस्ता, होड्या पाण्यात सोडण्याची अधिकृत जागा, आणीबाणीची मदत असे मोजके अपवाद. केवळ हौसेच्या भटकंतीसाठी परवाना मिळेल असे गृहीत धरून बेत आखू नये. बंदी मोटारींइतकीच दुचाकींनाही लागू आहे.

किनारा सार्वजनिक आहे हे आपले म्हणणे खरे आहे. सरकार तो जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळते आणि तेथे वाजवी रीतीने पोहोचण्याचा हक्क त्याच कायद्याने प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. परंतु तो हक्क माणसाचा आहे, त्याच्या गाडीचा नव्हे. शिवाय, ज्या भरतीरेषेच्या आधारे आपण विचार करत आहात ती रोज दिसणारी ओल्या वाळूची कड नव्हे. किनाऱ्याचे पाणी जेथवर पोहोचते त्यांपैकी सर्वात वरची रेषा कायदा धरतो आणि दहा वर्षांतून एकदाहून अधिक वेळा न येणाऱ्या असाधारण पुरांनी वा वादळांनी गाठलेली रेषा तेवढी वगळतो. त्यामुळे ज्याला आपण कोरडी पुळण समजतो तिचा बराचसा भागही या रेषेच्या खालीच येतो. वाळूच्या टेकाडांमागून गेल्यानेही सुटका होत नाही, कारण ग्रामीण भागात भरतीरेषेपासून एक किलोमीटरपर्यंतची जमीन सामान्यतः किनारा संरक्षण पट्ट्यात मोडते. पूर्वीच्या ट्रान्सकायच्या (वर्णभेदाच्या काळात याच भागात वेगळा काढलेला प्रदेश) १९९२ च्या पर्यावरणविषयक आदेशानेही एवढ्याच रुंदीचा पट्टा राखला होता.

प्रतिसाद (दगडधोंडा)

नियम मान्य आहे, पण त्यामागचे कारण पटत नाही. ओल्या वाळूवर उठलेली चाकोरी पुढच्या भरतीला पुसून जाते आणि मोटरसायकलचे वजन जीपच्या मानाने किरकोळ असते. शिवाय, लोक ज्याचा सर्रास वापर करतात असे कोणतेही ठिकाण सार्वजनिक रस्ता ठरू शकते, इतकी व्यापक व्याख्या तेथील १९९६ च्या रस्ते वाहतूक कायद्यात आहे. त्या न्यायाने गुरे आणि माणसे रोज ये-जा करतात त्या टेकडीवरच्या वाटाही रस्तेच ठरायला हव्यात.

प्रतिसाद (शेवाळ)

चाकोरी पुसली जाते, अंडी मात्र परत येत नाहीत. तेथील काळा ऑयस्टरकॅचर हा लाल चोचीचा पक्षी ऐन उन्हाळ्यात, म्हणजे पर्यटकांच्या गर्दीच्या काळातच, भरतीच्या जरा वर वाळूत उथळ खळगा करून त्यात अंडी घालतो. ठिपक्याठिपक्यांची ती अंडी शिंपल्यांच्या तुकड्यांत इतकी बेमालूम मिसळतात की चालणाऱ्यालाही ती पटकन दिसत नाहीत. गाडीवरून जाणाऱ्याला ती दिसणे जवळजवळ अशक्यच. वाहनबंदीनंतर या पक्ष्याची संख्या वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ओल्या वाळूवर पोहोचण्यासाठी गाडीला आधी हीच कोरडी पट्टी ओलांडावी लागते.

व्याख्येच्या मुद्द्याबाबत माझे मत वेगळे आहे. ती व्याख्या प्रामुख्याने चालकावर जबाबदारी टाकण्यासाठी आहे, म्हणजे अशा ठिकाणीही नोंदणी, परवाना आणि हेल्मेट लागते. तिच्या आधारे पायवाटेवरून गाडी नेण्याचा हक्क सांगणे मला धाडसाचे वाटते. येथील बरीचशी जमीन सामुदायिक वहिवाटीची आहे आणि अशा अनौपचारिक हक्कांना १९९६ च्या एका स्वतंत्र कायद्याने संरक्षण दिले आहे. याच किनाऱ्यावरील झोलोबेनी येथील खाणीच्या दाव्यात तर २०१८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने समाजाची संमती अनिवार्य ठरवली. खाण आणि मोटरसायकल यांत अर्थातच जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरीही ही जमीन बेवारस नाही एवढे त्यावरून कळते. वाट कोणाच्या शेतातून जाते हे गावप्रमुखाला विचारावे आणि त्यांनी नाही म्हटले तर मुकाट्याने माघारी वळावे.

प्रतिसाद (सुकाणू)

नदीमुखांबद्दल लिहायचे राहिले होते. ओहोटीला मुखाशी वाळूचा बांध उघडा पडतो आणि तेथून पलीकडे जाण्याचा मोह होतो. परंतु खाडी आणि तिच्या मुखाशी असलेली पुळणही याच सार्वजनिक मालमत्तेत येते, त्यामुळे तेथे वेगळी सवलत नाही. केई माउथ येथे मात्र वाहने पलीकडे नेणारी फेरीबोट आहे आणि ती निर्धास्तपणे वापरावी.

म्हणून हा किनारा सलग न पाहता फाट्याफाट्याने पाहावा. फेरीबोटीने नदी ओलांडून केंटानी भागातील रस्त्यांनी मझेपा बे, तेथून परत एन-२ वर, म्थाथाच्या अलीकडे व्हीजेसव्हिल येथून कॉफी बे आणि होल इन द वॉल, पुन्हा वर येऊन आर-६१ ने पोर्ट सेंट जॉन्स, आणि त्याच रस्त्याने पुढे लुसिकिसिकी असा क्रम सोयीचा पडतो. ड्वेसा-क्वेबे, ह्लुलेका, सिलाका आणि म्कांबाती या राखीव क्षेत्रांचे व्यवस्थापन प्रांताच्या उद्यान व पर्यटन संस्थेकडे आहे. त्यांच्या फाटकातून दुचाकी आत घेतात का, हे प्रत्येक ठिकाणी आधी लेखी विचारून घ्यावे, कारण देशातील काही उद्यानांत, उदाहरणार्थ क्रूगरमध्ये, मोटरसायकलींना प्रवेशच नाही. रस्त्यांवर गुरे मोकळी असतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. गाडी भाड्याने घेताना करारातील कच्च्या रस्त्यांचे कलम नीट वाचावे: डांबर सुटताच विम्याचे संरक्षण संपत असेल, तर शेवटचा टप्पा कच्चा असलेले फाटे बेतातून आधीच वगळावे लागतील.