हातमागातला माग आणि ‘माग काढणे’ यातला माग एकच का?

उभा_आडवा:
नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असल्यामुळे माग हा शब्द मला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक आहे. आमच्या शेजारची पद्मशाली मंडळी घरात तेलुगू बोलतात आणि मागाला ‘मग्गम्’ म्हणतात. अक्कलकोटकडून कामाला येणारे कन्नडभाषक त्यालाच ‘मग्ग’ म्हणतात. अलीकडे मी पाली शिकू लागलो आहे. धम्मपदाचा विसावा वर्ग ‘मग्गवग्ग’ या नावाचा आहे आणि तेथे मग्ग म्हणजे मार्ग, हे वाचल्यावर मी थबकलो. एका परिचितांनी लगेच उलगडा केला की, धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारे साधन, ज्या मार्गाने ये-जा करतो त्यावरून यंत्रालाच माग हे नाव पडले. हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे, परंतु तेवढ्यावर विश्वास ठेवावा असे वाटत नाही. पालीतला मग्ग, कन्नडमधला मग्ग आणि मराठीतले दोन्ही माग यांचे मूळ एकच आहे की ही नुसती उच्चाराची गाठभेट आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना_भाषाशिक्षक:
प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘माग काढणे’, ‘मागावर असणे’ यांतल्या मागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. संस्कृत मार्ग, पाली-प्राकृतात मग्ग आणि मराठीत माग, अशी ही सरळ वाट आहे. प्राकृतातले जोडव्यंजन मराठीत एकेरी होते आणि त्याच्या आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो: हस्त, हत्थ, हात, सप्त, सत्त, सात, कर्ण, कण्ण, कान. ‘मागे’ आणि ‘मागणे’ हे शब्दही याच घरातले आहेत. मार्ग् धातूचा शोधणे, याचना करणे हा अर्थ ‘मागणे’मध्ये टिकून राहिला आहे.

कापड विणण्याच्या मागाची गोष्ट मात्र वेगळी दिसते. मार्ग या अर्थाचे प्राकृत मग्ग उत्तर भारतातल्या भाषांनाही वारशाने मिळाले होते. त्यातूनच विणकामाच्या यंत्राचे नाव निघाले असते, तर त्या भाषांत कोठेतरी त्याची खूण सापडायला हवी होती. हिंदीत मागाला करघा म्हणतात आणि तो शब्द फारसीतल्या कारगाह, म्हणजे काम करण्याची जागा, यावरून आला आहे. गुजरातीत त्याला साळ म्हणतात आणि त्याचा संबंध शालेशी आहे. ‘मग्ग’सारखे रूप विणकामाच्या अर्थाने भेटते ते कन्नड, तेलुगू आणि त्यांना खेटून असलेल्या मराठीत. शिवाय कन्नड माणूस वाटेला ‘दारि’ किंवा ‘हादि’ म्हणतो आणि ‘मग्ग’ हे रूप मागासाठीच ठेवतो. एखादा शब्द कोणत्या प्रदेशात आहे आणि कोणत्या प्रदेशात नाही, हे पाहिल्याखेरीज त्याच्या मुळाविषयी बोलू नये, असे माझे मत आहे. त्या कसोटीवर मी विणकराचा माग दक्षिणेकडचा मानतो. द्वित्त एकेरी होऊन स्वर दीर्घ होण्याची जी रीत सांगितली, तीच या शब्दालाही लागू पडली आणि दोन निराळ्या मुळांचे शब्द मराठीत येऊन एकाच रूपाचे झाले.

धोट्याच्या मार्गाची कथा मीही ऐकली आहे. अशा कथेला खोडून काढणे अवघड जाते, कारण ती यंत्राकडे पाहून रचलेली असते आणि यंत्र तर रोज समोरच असते. पण धोटा जाण्या-येण्याला विणकर मार्ग म्हणत नाहीत, हे तरी सांगणाऱ्याने लक्षात घ्यायला हवे होते.

सीमेवरची_वाचक:
माझे माहेर अक्कलकोट तालुक्यातले, घरची भाषा कन्नड आणि शिक्षण मराठीतून झालेले, त्यामुळे या विषयात थोडी भर घालण्याचा मोह होतो.

मराठीत ‘हल्ली’ म्हणजे सध्या. कन्नडमध्ये ‘हल्लि’ म्हणजे भिंतीवरची पाल. कन्नडमध्येच ‘हळ्ळि’ म्हणजे खेडे, पण तेथे ळ आहे आणि मराठी कानाला ल आणि ळ यांतला भेद सांगावा लागत नाही. आमच्याकडे पाहुण्या आलेल्या पुण्याच्या काकूंनी “हल्ली घरात फार त्रास होतो” असे म्हटले, तेव्हा आजीने भिंतींकडे पाहिले होते.

आता गंमत अशी की, मराठी ‘हल्ली’ आणि कन्नड ‘हल्लि’ यांचा काडीमात्र संबंध नाही, आणि दिसायला अगदी निराळे असलेले ‘पाल’ आणि ‘हल्लि’ मात्र नात्यातले आहेत. मराठी हल्ली अरबी ‘हाल’वरून आली, त्या शब्दाचा अर्थ स्थिती, तसाच चालू काळ. कन्नडमध्ये साधारण दहाव्या शतकापासून शब्दाच्या आरंभीच्या प चा ह होऊ लागला. तेलुगूत दूध ‘पालु’, कन्नडमध्ये ‘हालु’; तेलुगूत वाघ ‘पुलि’, कन्नडमध्ये ‘हुलि’; तेलुगूत फळ ‘पंडु’, कन्नडमध्ये ‘हण्णु’. पोटाला तेलुगूत ‘पोट्ट’ आणि कन्नडमध्ये ‘होट्टे’ म्हणतात. प्राकृतातही ‘पोट्ट’ आहे आणि आपले पोट तर सर्वांसमोर आहे. तमिळमध्ये पालीला आजही ‘पल्लि’ म्हणतात, त्याचेच कन्नड रूप ‘हल्लि’. संस्कृत कोशांत पालीसाठी ‘पल्ली’ हा शब्द आहे आणि वर सरांनी सांगितलेल्या नियमाने त्याची मराठीत ‘पाल’ झाली. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड ही तिन्ही घरे एकाच गल्लीत असल्यामुळे हा पडताळा घ्यायला कोशही लागत नाही.

दखनी बोलणाऱ्या मैत्रिणींमुळे आणखी एक भर पडते. त्या ‘हल्लू’ म्हणतात तेव्हा त्यांना आपले मराठी ‘हळू’ अभिप्रेत असते; आमच्या घरी ‘हल्लु’ म्हणजे दात.

चाटीगल्ली:
चर्चा उत्तम चालली आहे. मला ‘हाल’विषयी विचारायचे आहे. कन्नडमध्ये ‘हाळु’ म्हणजे नाश, उजाड झालेले. मराठीत हाल म्हणजे कष्ट, दुर्दशा. येथे रूपही जवळचे आणि अर्थही जवळचा. मग आपले हाल कन्नडमधून आले असे का मानू नये? अरबीतल्या ‘हाल’मध्ये तर दुःखाचा अंशही नाही, उर्दूत ‘क्या हाल है’ असे विचारल्यावर कोणी रडत नाही.

जुना_भाषाशिक्षक:
अर्थाच्या जवळिकीमुळेच येथे पाय घसरतो. कन्नड शब्दात ळ आहे. मराठीला ळ उच्चारता येत नसता तर त्याचा ल झाला असे म्हणता आले असते. मराठीने तर ळ जपला आहे, तेव्हा ‘हाळु’ मराठीत आला असता तर ‘हाळ’ झाला असता. शिवाय मराठीत ‘हालहवाल’ हा जोडशब्द आहे आणि तेथे हाल म्हणजे केवळ स्थिती, बातमी. दुःखाचा रंग त्याला नाही. स्थिती या अर्थाचा शब्द वाईट स्थितीपुरता आक्रसावा, यात नवल नाही. आपण ‘त्याची काय अवस्था झाली’ असे म्हणतो तेव्हा ती अवस्था चांगली असल्याचे कोणीही समजत नाही.

रूप आणि अर्थ दोन्ही जुळूनही नाते नसते, याचे भाषाशास्त्रात नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’. बदनाम, बदमाश यांतला हा बद. दोन्हींचा अर्थ वाईट, दोन्ही भाषा दूरच्या नात्यातल्या, तरीही हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत तर कुत्र्यासाठीचा शब्द इंग्रजी ‘डॉग’सारखाच निघाला.

उभा_आडवा:
सर्वांचे आभार. एक उपप्रश्न आहे. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत शिक्षणाच्या अर्थाने येतो आणि मराठीत दंडाच्या अर्थाने. शेजारी सांगतात की तेलुगूतही शिक्षा म्हणजे दंडच. मग येथेही दोन मुळे आहेत का?

सीमेवरची_वाचक:
नाही, येथे मूळ एकच आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, शिकवणे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्हींत तो शब्द दंडाकडे वळला; कन्नडमध्ये त्याचे रूप ‘शिक्षे’ असे होते. या बाबतीत मराठी हिंदीबरोबर न जाता दक्षिणेच्या शेजारणींबरोबर गेली. उपन्यासाचे तसेच आहे: हिंदीत ती कादंबरी, तर कन्नड-तेलुगूत व्याख्यान, आणि कादंबरीला ‘कादंबरी’ म्हणण्यात मराठी व कन्नड पुन्हा एकत्र आहेत.

चाटीगल्ली:
मग आपल्या गावाच्या नावाचे काय? सोळा खेड्यांचे मिळून सोलापूर झाले, हे आम्ही पाठच केले होते.

जुना_भाषाशिक्षक:
ती धोट्याच्या मार्गाचीच जातकुळी आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या काळच्या लेखांत गावाचे नाव सोन्नलगे असे येते. मोहोळ तालुक्यातल्या कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत शिलालेखात ते सोनलीपूर आहे आणि किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर. पुढे त्यातला न गळला आणि सोलापूर उरले. त्यानंतर कोणाच्या तरी कानाला त्यात ‘सोळा’ ऐकू आले असावे. येथेही ल आणि ळ यांकडे काणाडोळा झाला आहे. आकड्यातला ळ गावाच्या नावात कधीच नव्हता.