७३.३ रेखांश ठेवला, तर ७३.३००००३०५१७५७८१ कुठून आला?

कलमांची_बाग: रत्नागिरीजवळ आमची हापूसची पाचशे कलमं आहेत. कुठल्या कलमाला मोहोर कधी आला याची नोंद ठेवायला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहितोय. फाइल लहान राहावी म्हणून अक्षांश-रेखांश ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (अपूर्णांकवाले आकडे ठेवायचा प्रकार) ठेवले. ७३.३ आधी नीट दिसतो, पण ६४ बिटांत घेतला की शेपूट लागतं. शिवाय मोजणीवाल्यांनी गडग्याच्या (हद्दीच्या दगडी बांधाच्या) अलीकडे-पलीकडे घेतलेल्या दोन बिंदूंचा रेखांश आता एकच झालाय. असं का?

समुद्रपक्षी: सहा घरांपर्यंत राउंड कर, झालं.

खाडीकाठ: सहा घरांना ७३.३००००३ दिसेल. पाच घरांना शेपूट जाईल, पण एक झालेले बिंदू वेगळे होणार नाहीत, आणि खरी काळजी त्यांची आहे.

आपल्याकडे जमिनीचे हिस्से आण्यांत सांगतात. निम्मा, पाव, दोन आणे, एक आणा. सगळं निम्म्याचं निम्मं. आता रुपयाचा दहावा हिस्सा असा मांडून बघ. एक आणा निघतो, पण उरलेल्यासाठी कितीही वेळा निम्मं केलंस तरी हिशेब संपत नाही. कॉम्प्युटरही निम्म्या-निम्म्यानेच मोजतो, त्यामुळे ७३.५ नेमका बसतो, ७३.३ बसत नाही. जवळचा आकडा ठेवला जातो, तो ७३.३००००३०५१७५७८१२५.

मग आधी ७३.३ का दिसला? छापताना पायथन सगळे अंक दाखवत नाही. परत वाचल्यावर तोच साठवलेला आकडा मिळेल असं सर्वांत छोटं रूप दाखवतो. ३२ बिटांत शेजारचे आकडे लांब असतात, म्हणून ७३.३ एवढं पुरतं. ६४ बिटांत शेजारी अगदी खेटून असतात, म्हणून लांब लिहावं लागतं.

आता गडगा. फ्लोट कसे साठवायचे हे ठरवणाऱ्या आयट्रिपलई ७५४ या १९८५ च्या मानकाप्रमाणे ३२ पैकी एक बिट चिन्हाला, ८ घातांकाला, २३ अपूर्णांकाला. बिट एवढेच असल्याने ६४ ते १२८ मधल्या दोन लगतच्या आकड्यांत १/१३१०७२ अंशाचं अंतर पडतं. रत्नागिरीला रेखांशाचा एक अंश साधारण १०६ किलोमीटर, म्हणजे ही पायरी सुमारे ८१ सेंटिमीटर! अक्षांश १७ च्या आसपास, आकडा लहान म्हणून तिथे ती २१ सेंटिमीटर. तुमच्या गडग्याची जाडी त्यात सहज गडप होते. ६४ बिटांत हीच पायरी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही लहान. पाचशे कलमांना जास्तीचे लागतील फक्त चार हजार बाइट. एवढ्यासाठी हद्दीचे बिंदू घालवू नकोस.

कलमांची_बाग: ६४ करतो. पेट्यांचे पैसेही त्यातच ठेवू?

खाडीकाठ: नको. ६४ बिटांतही ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. पैशांत पूर्णांक ठेव: १२५० रुपये ५० पैसे म्हणजे १२५०५०.

आणि फाइल नुसती ६४ मध्ये बदलून गेलेले अंक परत यायचे नाहीत. मोजणीच्या मूळ कागदावरून सगळे बिंदू पुन्हा भर.