मदत हवी आहे: गोल्फ मैदानातले बुजवलेले जुने बंकर (वाळूचे अडथळ्याचे खड्डे) पुन्हा उकरावेत का?

नमस्कार मंडळी. गोल्फ खेळणारे किंवा मैदान सांभाळणारे कुणी इथे असतील तर जरा सल्ला हवाय.

आमचं मैदान शंभरीला आलंय. मी मैदान समितीवर आहे, म्हणजे सगळ्यांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं मानाचं पद. कपाट आवरताना १९३०च्या दशकात विमानातून काढलेला एक फोटो हाती लागला. त्यात आजच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट बंकर दिसतात, आणि आकारही आताच्यासारखे गुळगुळीत नाहीत, कडा चांगल्या फाटक्यातुटक्या आहेत.

फोटो घेऊन सातव्या होलवर गेलो. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, साधारण १८० यार्डांवर, सकाळी उन्हं तिरपी असताना, फेअरवेत (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यात) बशीसारखा खोलगटपणा दिसतो. पाऊस लांबला की नेमकं तेवढंच गवत आधी पिवळं पडतं, ते का हे इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं. मुख्य माळ्यांनी फावड्याने चौकोन कापून पाहिला. वर वीतभर माती, खाली पिवळसर वाळू, आणि वाळूत दाताळ्याचा एक गंजलेला दात.

तो दात समितीच्या टेबलावर ठेवला आणि भांडण पेटलं. अर्धे म्हणतात, फोटोत आहे तसंच्या तसं सगळं पुन्हा करा. उरलेले म्हणतात, आहेत तेच बंकर दर पावसाला वाहून जातात, त्यात नवी डोकेदुखी कशाला? मला स्वतःला ते पुन्हा हवेत, पण 'जुनं आहे म्हणून' यापलीकडे मला कारण सांगता येत नाही. तुम्ही काय कराल?

वाळवंटातला_उंट:
आधी ते का बुजवले ते शोधा. जुनी इतिवृत्तं असतील तर वाचा. मंदीच्या काळात अमेरिकेत शेकड्यांनी बंकर गेले, कारण ते राखायला माणसं परवडत नव्हती. १९३५पासून तिथल्या पीजीएने (व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेने) मैदानं आखणाऱ्या ए. डब्ल्यू. टिलिंगहास्टला मैदानं तपासायला गावोगाव फिरवलं. न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट मैदानाचे खोल बंकर आखणारा हाच माणूस! दोनेक वर्षांत त्याने सात हजारांहून जास्त बंकर काढून टाकायचा सल्ला दिल्याची नोंद आहे. त्याचा राग टीजवळच्या बंकरांवर होता. चांगला खेळाडू वरून उडवून जातो, मार खातो तो नवशिका. तुमचा १८० यार्डांवरचा बंकर मला त्याच जातीचा वाटतो.

धागाकर्ता:
हे बोचलं, पण खरं आहे. आमच्याकडची तरणी मंडळी आज २८० मारतात. त्यांना तो बंकर दिसणारही नाही. सत्तरीतले सभासद मात्र रोज त्यात.

जुनाजाणता:
फोटोवर इतका विश्वास ठेवू नका. तो एका दिवसाचा आहे, मैदान त्याआधीही बदलत होतं आणि नंतरही. अमेरिकेतलं ओकलंड हिल्स मैदान घ्या. १९५१च्या यूएस ओपनसाठी रॉबर्ट ट्रेंट जोन्स या आराखडाकाराने मूळ मैदान आखणाऱ्या डोनाल्ड रॉसचे जुने बंकर बुजवून जिथे त्या काळचे दिग्गज चेंडू टाकायचे तिथे नवे खणले. मग गिल हान्स या आजच्या आराखडाकाराने रॉसचं मैदान परत आणलं, २०२१मध्ये ते खुलं झालं. म्हणजे जोन्सचे बंकरही तोवर सत्तरीचे झाले होते, ऐतिहासिकच म्हणायचे की! कुठल्या वर्षाचं मैदान हवंय हे आधी ठरवा, नाहीतर भांडण मिटायचं नाही.

आणि अमेरिकेतलंच पाइनहर्स्ट नंबर २ हे मैदान विसरू नका. कूर आणि क्रेनशॉ या आराखडाकारांच्या जोडीने २०१०-११मध्ये तिथलं गवत एकरांनी काढून वाळू आणि रानटी झुडपं परत आणली. पाणीही कमी लागू लागलं. नुसते खड्डे मोजत बसला असता तर हे सुचलं नसतं.

चिखलदादा:
मी मैदान राखतो, तर माझी रड ऐका. खाली सापडलेली जुनी वाळू पुन्हा वापरायचा मोह टाळा. तिच्यात माती मिसळलेली असते, पाणी मुरत नाही, तळं साचतं. खालून नळ्या टाकून निचरा, तळाशी १०-१५ सेंटिमीटर वाळू, उतारावर त्याहून कमी. आणि बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून काठ थोडा उचलून घ्या. उभ्या भिंतीवर वाळू चढवलेली फोटोत झकास दिसते, पण एका सरीत खाली येते आणि दुसऱ्या दिवशी फावडं आमच्या हातात. भिंतीवर गवत, तळ सपाट, असं करा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज मैदानासारख्या गवताच्या थप्प्यांच्या भिंती हव्या असतील तर त्या काही वर्षांनी पुन्हा रचाव्या लागतात, तेही सभेत सांगून टाका.

टोपीवाला:
सत्तरीतल्यांची काळजी करणाऱ्यांसाठी: १९९५च्या ब्रिटिश ओपनमध्ये खुद्द जॅक निक्लॉससारख्या दिग्गजाला सेंट अँड्र्यूजच्या चौदाव्या होलवर 'हेल' बंकरमधून सुटायला चार फटके लागले, होलवर दहा झाले. २०१९पासून नियम दयाळू झालाय, दोन दंडाचे फटके घेऊन चेंडू सरळ मागे, बंकरबाहेर टाकता येतो. माझ्या बायकोने हा नियम शोधून काढल्यापासून ती माझ्याहून कमी फटक्यांत परत येते.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. उंट, तुमच्या सल्ल्याने इतिवृत्त काढलं. एका ओळीत 'मजुरीची काटकसर' एवढंच लिहिलंय, खेळाविषयी एक अक्षर नाही. म्हणजे खेळात वाईट म्हणून ते गेले नव्हते, हे तरी सभेत सांगता येईल.

सध्या ठरलंय असं: सातव्यावर काहीच उकरायचं नाही. जुन्या बंकरचा आकार फक्कीने गवतावर आखायचा, आणि दुसरा तसाच आकार त्याच कोनात २५० यार्डांवर, ग्रीनकडे (होलचा खळगा असतो त्या हिरवळीकडे) जायची जवळची वाट जिथे सुरू होते तिथे. महिनाभर लोक कुठून मारतात ते बघायचं. माळी म्हणतात दुसऱ्या जागी उतार ग्रीनच्या बाजूला आहे. चिखलदादा, मग निचऱ्याची नळी फेअरवे ओलांडून न्यावी लागेल का? आणि फक्की पावसात टिकत नाही, त्याऐवजी तुम्ही काय वापरता?