सोनचिरैया आपल्या स्वभावाने गेली की आपण घालवली?

लष्करकर (धागाकर्ता)
परवा शिवपुरीहून ग्वाल्हेरला परतताना घाटीगावला चहाला थांबलो. अभयारण्याच्या बोर्डावर सोनचिरैया, म्हणजे सोलापूरकडचे ज्याला माळढोक म्हणतात तो पक्षी, ऐटीत उभा. रंग पार उडालेला. चहावाला म्हणाला, "चिड़िया तो अब बोर्ड पर ही है, साहब."

माझं मत कडू लागेल, पण लिहितो. वर्षाला एक अंडं, तेही उघड्या जमिनीवर. मादी वयात यायला दोन-तीन वर्षं. नर पंधरा किलोपर्यंत जातो, उडायला जड. असा पक्षी कोल्ह्या-कुत्र्यांत टिकायचा कसा? २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये कार्डिलो आणि सहकाऱ्यांचा सस्तन प्राण्यांवरचा अभ्यास आला होता. साधारण तीन किलोंच्या वर गेलं की नामशेष होण्याचा धोका एकदम चढतो आणि तिथे प्राण्याचे अंगभूत गुणच नडतात. मग दरवेळी माणसाच्या नावाने बोटं मोडून काय उपयोग? पैसा तरी किती ओतायचा?

मुरारची माई
काका, तो अभ्यास तुम्ही अर्धाच सांगितलात. लहान प्राण्यांचा धोका मुख्यतः भोवतालची परिस्थिती ठरवते, मोठ्यांचा परिस्थिती आणि गुण दोन्ही मिळून, असं त्यात आहे. तुम्ही "परिस्थिती आणि" एवढं सोयीस्कर गाळलंत. :)

शिवाय तो सस्तनांवरचा आहे, तुम्ही पक्ष्याला लावलात. तेही सोडा. सोनचिरैया १८५० मध्येही एकच अंडं घालत होती. कोल्हे तेव्हाही होते. मग मधल्या काळात बदललं काय? माळ नांगरले, बंदुका आल्या, मोकाट कुत्री वाढली.

आणि गिधाडं आठवा. माझ्या लहानपणी गावाबाहेर म्हैस टाकली की तासाभरात पंचवीस-तीस उतरायची, दुपारपर्यंत नुसता सापळा. आई खिडकी लावून घ्यायची, वासाने नव्हे, त्यांच्या भांडणाच्या आवाजाने. १९९२ ते २००७ मध्ये भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण काय, तर ढोरांना सूज-वेदनेवर टोचायचं डायक्लोफेनॅक. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं, २००६ मध्ये आपल्याकडे ढोरांसाठी बंदी. यात गिधाडाचा काय स्वभाव आडवा आला?

लष्करकर
माई, हे उदाहरण तर माझ्याच पारड्यात पडतं. तीच ढोरं कुत्री आणि कावळे खात होते. ते उरले ना? विष एकच, मेला कोण ते शरीराने ठरवलं. आणि बंदीनंतरही गिधाडं पटापट का वाढत नाहीत? कारण त्यांचंही वर्षाला एकच अंडं.

मुरारची माई
हा मुद्दा मान्य. पण मग मथळ्यातलं "की" काढा. गुण बघून कळतं कोण आधी पडेल. ढकललं कोणी हे त्यातून कळत नाही.

जीवाजीगंज
दोघांची वकिली छान चालू आहे. सोनचिरैया अजून उरली आहे त्या जैसलमेरकडे बघा, फैसला तिथेच होतो. सोनचिरैयाचे डोळे बाजूला, समोरचं फार थोडं दिसतं. विजेची तार जवळ आल्यावर दिसते आणि एवढं धूड ऐनवेळी वळत नाही. तारा नव्हत्या तेव्हा ह्याच डोळ्यांनी काही बिघडत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली, कारण तिथे सौरऊर्जाही हवी.

करेरावाला
मी ग्वाल्हेरला राहतो, शेती शिवपुरी जिल्ह्यात करेऱ्याकडे. इथे कोणी आमचं बोललंच नाही म्हणून लिहितो.

१९८१ मध्ये करेऱ्याला सोनचिरैयासाठी अभयारण्य झालं. सुरुवातीला लोकांना कौतुक होतं. आजोबा सांगत, नर गळ्याची पिशवी फुगवून गुरगुरायला लागला की बैल कान टवकारायचे. मग काय झालं? संरक्षणामुळे काळवीट भरमसाट वाढलं. रात्री हरभऱ्यात कळप शिरायचा, सकाळी नुसते खुंट. हाकलायला गेलं की गुन्ह्याची भीती. जमीन अभयारण्यात, म्हणून विकता येईना. बहिणीच्या लग्नाला शेत काढायचं होतं, गिऱ्हाईकही होतं, पण कागद होईना. मग ज्या पक्ष्यामुळे हे सगळं, त्याच्यावर कोण माया करणार? नव्वदीत पक्षी दिसेनासा झाला.

आता सांगा, हे अंड्याच्या कोष्टकात बसतं की बंदुकीच्या?

लष्करकर
करेरावाले, हे मला माहीत नव्हतं. तरी पैशाबद्दलचं माझं म्हणणं कायम. राजस्थानात पिंजऱ्यात प्रजनन चालू आहे, ते चालू दे. इथे बोर्ड रंगवण्यापुरतंच अभयारण्य कशाला?

मुरारची माई
तिथली पिल्लं पुढेमागे कुठेतरी सोडावी लागतीलच ना, काका. घाटीगावचा, करेऱ्याचा माळ तोवर राखायला नको?

करेरावाला
राखू की, ताई. आधी काळवीटाने खाल्लेल्या हरभऱ्याचे पैसे त्याच हंगामात मिळतील आणि शेत विकायला कोणी अडवणार नाही, एवढं लिहून द्या. मग पिल्लं आणा, पहिली रात्र मी स्वतः कुत्री हाकलायला बसतो.