परण्यातलं गाणं आणि आईची लाज

बेसूर_लातूरकर
परवा इथं एका गृहस्थांनी लिहिलं की ज्या गाण्याचा अर्थ आईला सांगायची लाज वाटते त्यावर परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, नाचणाऱ्यांना संगीत कळत नाही, त्यांचे नुसते पाय हलतात. दोन दिवस गप्प बसलो. आता नाही राहवत.

पाय हलायलेत म्हणजेच संगीत कळायलंय, साहेब. अजून काय कळायचं असतं? मी सहा वर्षं ख्याल शिकलो, गळा नव्हता म्हणून सोडला (नाव उगीच नाही लावलं). बंदिशीत बघावं तेव्हा सासू-नणंद जागी आणि पैंजण वाजणारं, त्यात हिला चोरून भेटायला जायचंय. त्यावर मान डोलावणाऱ्या काकांना कुणी विचारलं का, की आईला अर्थ सांगितला होता का म्हणून? तराण्यात तर ‘दिर दिर तोम’. त्याचा अर्थ सांगा मला.

माझी आजी नांदेडला गुरुद्वाऱ्यात कीर्तन ऐकत तासभर बसायची. गुरुमुखीतलं अक्षर कळत नव्हतं तिला. बाहेर आली की पदरानं डोळे पुसायची. तिचेपण नुसते डोळेच पाणावले म्हणायचे का? परण्या निघाला, ढोलकीचा तुकडा आला की मी उठतो. गाणारा काय म्हणायलाय ते मला तेव्हाही ऐकू येत नाही आणि दुसऱ्या दिवशीही आठवत नाही. बास.

माजलगावची_मास्तरीण
तुम्हाला आठवत नाही, कारण ते तुमच्याबद्दल नसतं.

अकरावी-बारावीला मी काळ्या-पिवळी जीपनं कॉलेजला जायचे. ड्रायव्हर रोज एकच कॅसेट लावायचा. दुसऱ्या कडव्यात एक ओळ होती. ती आली की मागची पोरं खोकायची आणि ड्रायव्हर आरसा माझ्याकडं वळवायचा. दोन वर्षं, रोज. मी तेव्हा शब्द कानाबाहेर ठेवायचे कसे? तुमची ढोलकी ऐकत बसायचं होतं का मी?

आणि खरं सांगते, चाल चांगली होती. आजही भांडी घासताना तोंडात येते, मग स्वतःचाच राग येतो.

मृदंगी_परळी
परण्याचं सोडा हो. खरा रोग सप्त्यात शिरलाय. तिसावं वर्ष आहे माझं मृदंगावर. पूर्वी गवळणीची चाल म्हातारे टाळकरी मांडीवर बसवून शिकवायचे. आता गायक म्हणवणारी पोरं मोबाईलवर सिनेमाचं गाणं ऐकून येतात आणि त्यात ‘कान्हा’ कोंबतात. औंदा काल्याच्या कीर्तनात गवळण सुरू झाली आणि पुढं बसलेली पोरं फिदीफिदी हसायली. का? चाल ऐकताच त्यांना मूळ गाणं आठवलं. महाराज वर डोळे मिटून, खाली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायलीत. मी ठेका सोडून दिला. विणेकरी माझ्याकडं बघायला लागले.

तुळजापूरचा_नाटकवेडा
मृदंगीमहाराज, राग आवरा. किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हा लोकांच्या ओठांवरच्याच चाली घेतल्या होत्या. जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असायचं. चाल काही कुणाच्या बापाची जहागीर नाही.

मृदंगी_परळी
नाटक आणि सप्ता एक झाला का? तिथं लोक तिकीट काढून बसतात, इथं सात दिवस भाकरी गोळा करून पंगत उठवतात. आणि बापावर जाऊ नका. माझ्या वडलांनी पखवाजाला कणीक लावता लावता चाली शिकवल्या मला.

तुळजापूरचा_नाटकवेडा
बापावर कोण गेलं? ती बोलायची पद्धत आहे. असं असेल तर तुमच्याशी बोलणंच बंद.

मृदंगी_परळी
करा बंद. आरामच आहे.

मिलिंदनगर_ढोलकी
दोघंही थांबा जरा. आमचे बाबा भीमगीतं गायचे. पेटी, ढोलकी आणि मागं दोघं कोरसला. चाली बहुतेक सिनेमाच्याच, कारण माणूस चाल ऐकून ओट्यावरून उठून येतो आणि शब्द ऐकून थांबतो, असं बाबा म्हणायचे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ ला झाला आणि पाटी बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधली साडेपंधरा वर्षं बाबा गावोगाव गायले. एका गावात त्यांची पेटी फोडली. चालीसाठी फोडली का? ती चाल तर फोडणाऱ्यांच्या रेडिओवर सकाळ-संध्याकाळ वाजायची.

म्हणून बेसूरभाऊ, शब्द ऐकू येत नाहीत म्हणणं ही चैन आहे. आता जयंतीला त्याच गाण्यांना एवढा बेस लावतात की छाती हादरते आणि बाबासाहेबांचं नाव सोडून एक शब्द कळत नाही. बाबा हल्ली मिरवणुकीला येत नाहीत, दारात खुर्ची टाकून बसतात.

जालना_साउंडवाला
डीजेचा विषय निघालाच आहे तर बोलतो. सगळे आम्हालाच शिव्या देतात. रात्री दहाला बंद करा म्हणून पोलीस येतात आणि ते गेल्यावर नवऱ्याचा मामा येऊन ‘अजून एकच लाव’ म्हणतो. त्या मामाला कुणी काही म्हणत नाही. टेम्पो उचलला जातो माझा.

पण शब्द कोण ऐकतं ते मला विचारा, मिक्सरवर मी असतो. गायकाची पट्टी खाली ओढली आणि नुसता बेस ठेवला की मिनिटभरात पोरं ओरडायला लागतात, ‘गाणं लाव की!’ सगळे शब्द नको असतात त्यांना. सगळ्यांनी मिळून ओरडायची एक ओळ पाहिजे असते. आणि ती ओळ बहुतेक वेळा मास्तरीणबाई म्हणायल्यात तसलीच असते. बेसूरसाहेब, तुम्हीपण ओरडत असणार. बघा व्हिडिओ काढून.

बेसूर_लातूरकर
वा! आता व्हिडिओ.

नाथांच्या भारुडाचं काय मग? पैठणला ‘दादला नको गं बाई’ ऐकून बाया पोट धरून हसतात. अध्यात्म कितीजणींना कळतं? मजा आली, संपलं.

माजलगावची_मास्तरीण
भारुडात वरचे शब्द नीट ऐकले तरच आतला अर्थ लागतो. आणि त्या बाया शब्दांनाच हसतात हो, टाळाला नाही. उदाहरण तुमचं, पण कामी माझ्या आलं.

माझ्या आजीला जात्यावरची चाल एकच येत होती. गावातल्या सगळ्या बायांची जवळपास तीच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या उतरवून घेतल्या, त्या काय चालीसाठी?

तुमच्या आजीचं मात्र मान्य. गुरुद्वाऱ्यात तिला जे मिळालं त्याला अर्थ लागत नाही. पण ती तिथं कुणाकडं आरसा वळवून बसली नव्हती.

बेसूर_लातूरकर
व्हिडिओ बघितला. मागच्या लग्नातला, बायकोनं काढलेला. मी ओरडायलोय. शब्द पाठ आहेत मला, कधी झाले देव जाणे. साउंडवाले, तुम्हाला एक मार्क. मृदंगीमहाराज, तुम्हाला अर्धा, कारण ती पोरं का हसली ते आता कळलं.

पण ढोलकी वाजली की मी उठणार. ते सुटायचं नाही.

पुढच्या महिन्यात भाच्याचा परण्या आहे, गाण्यांची यादी माझ्याकडंच दिलीय. मास्तरीणबाई, तुमची ती काळ्या-पिवळीतली ओळ कोणती? ते गाणं काढून टाकतो.

माजलगावची_मास्तरीण
नाही सांगणार. सांगितली की इथले सगळे गुणगुणत बसतील.

जालना_साउंडवाला
परण्या किती तारखेला? लातूरला येऊ, डिझेल वेगळं पडेल. आणि मामा कोण आहे ते आत्ताच सांगून ठेवा.

बेसूर_लातूरकर
मीच.