१ ऑगस्टला टिळक आणि अण्णाभाऊ एकाच कार्यक्रमात उरकणं बंद करा

वारणाकाठ: दरवर्षी बहुतेक शाळांत तेच. टेबलावर दोन फोटो, लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती, दोन्ही एका तासात. पोरं उठतात, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही" म्हणतात आणि टाळ्या घेऊन बसतात. अण्णाभाऊंच्या वाट्याला "जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, दीड दिवसाची शाळा" एवढंच. अरे 'फकिरा' लिहिणारा माणूस, 'माझी मैना गावावर राहिली' गात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ घराघरात नेणारा शाहीर, त्याला दोन ओळी? टिळकांची जयंती आठवडाभर आधी २३ जुलैला येतेच की, ती दणक्यात करा आणि १ ऑगस्ट अण्णाभाऊंना पूर्ण द्या.

गिरगावकर: अजिबात पटलं नाही. १ ऑगस्ट १९२० ला टिळक मुंबईत सरदारगृहात वारले, एवढी गर्दी लोटली की अंत्यसंस्कार स्मशानात न करता चौपाटीवर करावे लागले, आणि त्याच दिवशी गांधीजींचं असहकार आंदोलन सुरू झालं. एक पर्व संपून दुसरं सुरू झालं तो हा दिवस, तो आठवडाभर मागे कसा ढकलणार? आणि २३ जुलैला चंद्रशेखर आझादांचीही जयंती असते, १९०६ चा जन्म. तिथे आझाद झाकोळले जातील, मग त्यांना कुठे हलवणार?

वारणाकाठ: आझाद आजही झाकोळलेलेच आहेत, जसे २ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्री. हेच तर म्हणतोय, एका दिवसावर दोघं आले की मोठं नाव सगळा वेळ खातं.

खडू_फळा: मी प्राथमिकला शिकवते. वेगळा कार्यक्रम म्हणजे आणखी एक परिपाठ, आणखी भाषणं, आणखी फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. मुलांना काय मिळतं त्यातून? भाषणं पालक लिहून देतात, ती पाठ होतात, दुपारपर्यंत विसरतात. त्यापेक्षा त्या दिवशी वर्गात अण्णाभाऊंची एक गोष्ट मोठ्याने वाचा. तारखेचं भांडण मला गौण वाटतं.

तीन_पाळी: मला उलट वाटतं की एकत्रच करा, पण नीट करा. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षाला एक दिवस. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे अण्णाभाऊ वाटेगावहून बापाबरोबर चालत मुंबईला आले ते त्याच कामगारांच्या वस्तीत, गिरणीत राबले, शाहीर अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. दोघांमधला हा धागा पोरांना कोणी सांगतच नाही!

सत्यशोधक_पुणे: धागा आहे, पण अर्धाच सांगताय. मुलींचं शरीरसंबंधाच्या संमतीचं वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी केलेला विरोध, मुलींच्या शिक्षणाबद्दलची त्यांची भूमिका, हेही त्याच टेबलावर ठेवा. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केली. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात ते म्हणाले की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. दोघांना एकाच हारात ओवलं की हा सगळा झगडा पुसला जातो आणि उरतं ते "दोन थोर पुरुष".

तीन_पाळी: मग झगड्यासकट सांगा ना. सातवीतल्या पोराला कळतं हे, आपणच त्याला कमी समजतो. संप करणारे कामगार काही संमतिवयाच्या वादामुळे घरी बसले नाहीत, त्यांना टिळक आपला माणूस वाटला, आणि का वाटला हेच तर विचारायचं.

वारणाकाठ: सांगणार कोण पण? जो तास टरफलांतच संपतो त्यात १९०८ चा संप कधी येणार? आधी अण्णाभाऊंना त्यांचा तास द्या, मग तुमचा धागा मी स्वतः येऊन सांगतो, आमच्या गावच्या शाळेत.