'काळी' आणि 'पांढरी': अर्थ व वापर

प्रश्न: जुन्या कागदपत्रांत 'काळी-पांढरी' असा जोडशब्द येतो आणि पुरातत्त्वावरील मराठी लेखनात 'पांढरीचे टेकाड' असा प्रयोग आढळतो. या दोन्हींतली पांढरी एकच का? तसेच आद्य शेतकऱ्यांच्या गावांना वस्ती म्हणावे, वसाहत म्हणावे की पांढरी?

उत्तर: दोन्हींतली पांढरी एकच. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी किंवा पांढर म्हणजे ज्या जमिनीवर गाव बसले ती, अर्थात गावठाण. मात्र काळीचा रंग मुळातला असतो, तर पांढरीचा रंग माणसाच्या राहण्याने येतो. चुलीतली राख, शेण, भुसा आणि पडक्या भिंतींची माती यांचे थर एकाच जागी पिढ्यानपिढ्या साचले की जमीन भुरकट होते व हळूहळू तिचे टेकाड बनते. चार दिवस पाल ठोकून उठून गेलेल्यांच्या मागे पांढर उरत नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावची पांढर या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. गहू आणि सातू पिकवणाऱ्या या लोकांनी घरांजवळ चुन्याने लिंपलेली पेवे खणली होती, पाण्यासाठी बांध घालून पाट काढला होता आणि दगावलेली मुले मातीच्या कुंभांत घालून घराच्याच जमिनीखाली पुरली होती. पेवातले धान्य पाठीवर घेऊन हिंडता येत नाही आणि पाट तर दरवर्षी उपसावाच लागतो. तेव्हा काळी कसू लागलेल्या माणसाला पांढरीवर ठाण मांडणे भागच पडले, असे मला वाटते.

आता 'वसाहत'. हा शब्द मला येथे खटकतो, कारण आज त्यातून परमुलखात जाऊन बसवलेले ठाणे किंवा शहरातली औद्योगिक वसाहत सूचित होते. 'वस्ती' चालेल, पण ती तात्पुरतीही असू शकते; म्हणून एका जागी टिकून राहिलेल्या गावासाठी मला 'पांढरी' हाच शब्द बरा वाटतो.

पुरवणी: वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र एकदा बसलेले गाव बसलेलेच राहते, असे नाही. इनामगावातच इ.स.पू. १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्याने शेती खालावली आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर अधिक विसंबू लागले, असा अर्थ उत्खननकर्त्यांनी त्यावरून लावला. धनगरांच्या बोलीत 'वाडा' म्हणजे मेंढरांसह हलणारा तळ, तर गावात वाडा म्हणजे चिरेबंदी घर, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे.

आणखी एक: पांढरीची माती धाब्याच्या छपरावर घालतात आणि खत म्हणून शेतातही टाकतात, त्यामुळे अनेक टेकाडे गाडी-गाडीने काळीत गेली. जागा सपाट झाली तरी शेताचे नाव 'पांढरी' असे टिकून राहते, म्हणून जुन्या गावांचा शोध घेणारे अभ्यासक गावकऱ्यांना आधी तेच विचारतात.